थ्वेट आजोबांची पंगत

आमच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली की मागच्या दारावर टकटक व्हायची. आई कणीक मळता मळताच म्हणायची, "वसू, दार उघड, आले बघ." दारात थ्वेट आजोबा उभे असायचे. गळ्यात लोकरी मफलर, डोक्यावर चपटी टोपी, आणि दोन्ही कान असे काही चुरगळलेले की पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर तिथंच अडकावी. ऐंशीला टेकलेला तो माणूस टोपी काढून खिशात घालायचा, बूट बाहेर काढायचा आणि स्वयंपाकघरातल्या त्याच त्या खुर्चीवर येऊन बसायचा. आई ताटलीत गरम भात, वर पिवळं वरण आणि तुपाची धार घालून त्यांच्यापुढे ठेवायची. ते चमच्यानं हळूहळू, एक शीतही न सांडता खायचे. शेवटी मेतकुटाची डबी पुढं ओढायचे, कारण त्यांच्या मते जगातला कुठलाही पदार्थ थोड्या पिवळ्या पुडीनं सुधारतो. आईला इंग्रजी बेताचं आणि आजोबांचं इंग्रजी यॉर्कशरच्या गिरण्यांतलं, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं फारसं कळत नसे. तरी ती दोघं तासन्‌तास बोलायची.

ते शेजारच्या घरात मुलीकडे राहायचे. ही डॉरथी बाबांच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून ती इकडे आली आणि पुढे तिची आई वारल्यावर म्हाताऱ्या बापाला घेऊन आली. आम्ही मिरजेहून आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला मैत्रिणी नव्हत्या, इंग्रजी शाळेतल्या इंग्रजीपुरतं होतं, आणि बर्फ पडलं की आमच्या घरात सगळेच जण आजारी असल्यासारखं हळू बोलायचे. अशा घरात हा माणूस रोज संध्याकाळी आपण होऊन यायचा आणि आपली गोष्ट सांगायचा. तो सगळं इंग्रजीत बोलत असे, पण माझ्या डोक्यात ते सगळं मराठीतच साठलंय. त्यांना आजोबा म्हणायला आईनंच शिकवलं. स्वतः आजोबांनी त्याचा अर्थ कधी विचारला नाही, हाकेला ओ मात्र देत राहिले.

त्यांची गोष्ट म्हणजे रग्बीची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या महायुद्धाच्याही आधी, हा माणूस रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांची रग्बी, खेळायचा. अकराव्या वर्षी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस लोकरीची गिरणी. सतराव्या वर्षी गावच्या संघात. विशीत मोठ्या क्लबात. मग बोटीनं ऑस्ट्रेलियाला. आठवडेच्या आठवडे समुद्र, आणि बोटीच्या डेकवर दोरखंडाच्या गुंडाळीला माणूस समजून तिला पाडायचा सराव. परत निघाले ते मोडलेलं हाडूक आणि एक पोपट घेऊन. पोपट वाटेत वारला, हाडूक राहिलं. खेळणं संपल्यावर ते कोच झाले. पाळी संपवून आलेल्या, अंगाला लोकरीचं तेल लागलेल्या पोरांना ते गिरणीमागच्या चिखलात शिकवायचे. बाबा डॉक्टर, त्यामुळे त्यांना या सगळ्याचा पुरावा हातानं चाचपता आला. त्यांनी आजोबांचं खांद्याजवळचं हाड, बोटं, बरगड्या तपासल्या आणि जेवायला बसल्यावर आईला म्हणाले, "अगं, हा माणूस म्हणजे आमच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकातलं 'असं होऊ देऊ नये'चं प्रकरण आहे. आणि तरी बघ, जिना माझ्याआधी चढतो."

बाबा कॉलेजात हुतूतू खेळले होते. मिरजेतल्या मैदानावर त्यांच्या नावाची काय दहशत होती हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की आई ते सुरू झालं की भांडी घासायला उठायची. एका रविवारी मागच्या अंगणात बाबांनी आजोबांना हुतूतू समजावून सांगितला. श्वास रोखायचा, आत घुसायचं, शिवून परत यायचं. आजोबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "मग या, डॉक्टर. मला शिवून पलीकडे जा." बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते. बाबा धावले, आणि त्यांच्या वयाच्या मानानं बरे धावले. आजोबा जागचे हलले आहेत असं मला वाटलंच नाही. फक्त एक गुडघा वाकला, डोकं एका बाजूला झालं, गाल बाबांच्या कमरेमागे टेकला आणि दोन्ही हात मांड्यांभोवती बांधले गेले. मग बाबा आडवे झाले. आदळले नाहीत, आडवे झाले, पाळण्यात मूल निजवावं तसे. आजोबांनी त्यांच्या डोक्याखाली हात धरला होता. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. बाबा गवतावर पडून आकाशाकडे बघत म्हणाले, "मी पडलो कधी तेच कळलं नाही." त्यानंतर मिरजेच्या मैदानाची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही, आणि आईनं त्याबद्दल आजोबांचे मनापासून आभार मानले.

मी इतकी थक्क आयुष्यात क्वचितच झाले असेन. ताकद मी पाहिली होती. पण ऐंशीच्या घरातला माणूस धावत्या माणसाला जमिनीवर ठेवतो आणि त्याला खरचटतही नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि सरळ शेजारच्या घराची बेल वाजवली. "मला शिकवा," म्हटलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी काडी होते. ते म्हणाले, "पाडायला वजन लागत नाही. डोकं कुठं ठेवायचं ते आधी ठरव. ज्यांना हे कळत नाही त्यांचे कान माझ्यासारखे होतात." इंडियन दुकानातून आणलेल्या बासमतीच्या रिकाम्या पोत्यात आईच्या जुन्या साड्या आणि बाबांचा फाटका कोट कोंबून आम्ही माणूस तयार केला. पुढची काही वर्षं तो माणूस मी रोज संध्याकाळी पाडला. आजही बॉथेल गावात माझ्या लेकीच्या घरी सकाळी अंथरुणातून उठताना गुडघे कुरकुरतात तेव्हा मला त्या पोत्याची आठवण होते. नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणते, "आजी, सीरियसली? यू?" आणि तिच्या डोळ्यांत जे दिसतं ते फार सुखाचं असतं.

पुढे मी घराजवळच्याच विद्यापीठात जायला लागले. तिथं मुलींचा रग्बी क्लब नुकताच सुरू झाला होता. एका दुपारी लायब्ररीतून परतताना मैदानावर मुली एकमेकींना पाडताना दिसल्या आणि त्या चुकीच्या बाजूला डोकं घालून पाडताना दिसल्या. माझ्यानं राहवेना. पुस्तकं कडेला ठेवून मी आत गेले आणि लिंडा नावाच्या त्यांच्या दांडगट कॅप्टनला आडवी केली. तिनं उठून तोंडातली माती थुंकली आणि विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" त्या संध्याकाळी मी घरी जांभळा दंड आणि चिखलाचे मोजे घेऊन आले. आईनं हळद-तेल गरम केलं, माझा दंड खसाखसा चोळला आणि दर वेळी चोळताना एकेक वाक्य बोलली. "लग्नाची पोर." "लोक विचारतील बाप मारतो का." "मंडळातल्या शैलाकाकू कालच म्हणत होत्या, पोरीला कुस्तीत घालताय का." शेवटी बाबा दारातून म्हणाले, "खेळू दे गं. आपण तिला घाबरायला शिकवायला एवढ्या लांब नाही आणली." दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या डब्याबरोबर हळदीची पुडी ठेवली होती.

आमचा संघ हरत होता आणि अगदी भक्तिभावानं हरत होता. आमचे कोच म्हणजे डॉक्टर हार्कनेस. ते इंग्लिश गृहस्थ होते, विद्यापीठात केमिस्ट्री शिकवायचे आणि फावल्या वेळात आम्हाला. स्वतः ते युनियन पद्धतीची रग्बी खेळलेले होते, म्हणजे पंधरा जणांची. आमचा क्लबही त्याच पद्धतीचा. सज्जन माणूस, नियमाला पक्का, पण पाडणं शिकवायला त्यांना जमत नसे. ते फळ्यावर बाण काढायचे. लिंडा मला म्हणाली, "तुझ्या त्या म्हाताऱ्याला घेऊन ये ना यार." हा 'यार' ती माझ्याकडूनच शिकली होती. मी उड्या मारत घरी आले. तिसऱ्या शिट्टीला आजोबा आले, वरणभात पुढे आला, आणि मी त्यांना म्हटलं, शनिवारी मैदानावर या, आम्हाला शिकवा. "ती युनियन आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग मला येता येणार नाही," ते म्हणाले. "माझा पाय त्यांच्या मैदानावर पडला तर तुम्हा पोरींचं नुकसान होईल."

मला वाटलं म्हातारपणाचा विसराळूपणा असेल. पण त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मग जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. सतराव्या वर्षी ते आणि त्यांचा भाऊ टॉम, दोघंही गावच्या युनियन क्लबात खेळायचे. युनियनचा नियम असा की खेळासाठी छदाम घ्यायचा नाही. पण शनिवारी गिरणी दुपारपर्यंत चालायची, आणि बाहेरगावी सामना असला की लवकर निघावं लागे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडायची. घरी आजारी आई होती. लीगवाले बुडालेली मजुरी भरून द्यायचे. जोसेफ थ्वेट लीगमध्ये गेला. त्या दिवसापासून युनियनचं दार जन्मभरासाठी बंद. त्यांच्या मैदानावर खेळायचं नाही, शिकवायचं नाही, त्यांच्या क्लबघरात पाऊल टाकायचं नाही, आणि जो क्लब अशाला जवळ करील त्याच्यावरही बंदी. क्लबनं भिंतीवरचा गावच्या संघाचा फोटो उतरवून ठेवला, कारण त्यात हे होते. टॉम युनियनमध्येच राहिला. घरात दोघं एका अंथरुणात झोपायचे आणि शनिवारी वेगवेगळ्या रस्त्यांनी जायचे. टॉम वारला तेव्हा दफनानंतरचा चहा त्याच क्लबघरात होता. हे कुंपणापाशी रस्त्यावर उभे राहिले. कुणीतरी एक कप बाहेर आणून दिला. आपल्या सख्ख्या भावाच्या दुःखाचा चहा त्यांनी पावसात, रस्त्यावर उभं राहून प्यायला. "नियम होता," ते म्हणाले. "मला माहीत होता."

मी आईला मोडकंतोडकं भाषांतर करून सांगत होते. ती गॅसपाशी उभी होती. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे यांना वाळीत टाकलंय."

मग आईनं तिची गोष्ट सांगितली, जी मीही पहिल्यांदाच ऐकत होते. कराडजवळच्या खेड्यात तिच्या वडिलांनी आपल्या ओसरीवर एका विधवेचं लग्न लावू दिलं होतं. त्यावरून जातीनं घर वाळीत टाकलं. संक्रांतीला आई सात-आठ वर्षांची, नवं परकर-पोलकं घालून, तिळगुळाची वाटी मांडीवर घेऊन दारात बसली होती, आणि समोरच्या रस्त्यानं बायका हळदीकुंकवाला जात होत्या, पण त्यांच्या दाराकडे मान वळत नव्हती. संध्याकाळी तिच्या आईनं तो तिळगूळ तिलाच सगळा खायला दिला. पुढं कधीतरी गावात एक लग्न झालं. शाळेच्या मास्तरांनी तिच्या वडिलांना हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. वाढप्यानं एक क्षण थांबून त्यांच्या पानात मीठ वाढलं. शेजारचे कुणी उठले नाहीत. "झालं," आई म्हणाली. "कुणी माफी मागितली नाही, कुणी दिली नाही. शेजारी बसून जेवले, आणि वाळीत संपलं." आजोबांना यातलं किती कळलं कोण जाणे. ते आईकडे पाहत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आईनं त्यांची ताटली उचलली, थंड झालेला भात काढून गरम वाढला.

रात्रीच्या जेवणाला आईनं जाहीर केलं की पुढच्या रविवारी रग्बीच्या सगळ्या मुली जेवायला येतील आणि त्यांना शिकवणारा तो मास्तरही येईल. बाबा म्हणाले, "अगं, इन्व्हाइट कर की मुलींना. पण तो हार्कनेस केमिस्ट्री शिकवतो. इंग्लंडातली बंदी उठवणं त्याच्या हातात थोडंच आहे?" आईला हे पटेना. तिच्या हिशेबात जो पंधरा पोरींना खेळवतो तो त्या जातीचा पंच, आणि पंच शेजारी बसून जेवला की काम झालं. आम्ही तिला पुष्कळ समजावलं. क्लब म्हणजे जात नव्हे, कोच म्हणजे पंच नव्हे. ती म्हणाली, "शेजारी बसून जेवायला माणसाला जेवढे अधिकार लागतात तेवढे त्याला आहेत ना? मग पुरे." आज विचार करते तेव्हा वाटतं, तिची समजूत चुकीची होती आणि तिच्याइतकं बरोबर त्या घरात कुणालाच काही कळलं नव्हतं.

दोन दिवस स्वयंपाकघराच्या नळाला दह्याचं फडकं टांगलेलं होतं. जायफळ-वेलदोड्याचा वास पडद्यांत शिरला. बेसमेंटच्या सिमेंटच्या जमिनीवर आईनं चादरींच्या लांब घड्या घालून पंगत मांडली. केळीची पानं कुठून आणणार, कागदाच्या ताटल्या ठेवल्या, आणि प्रत्येक ताटलीभोवती खडूनं रांगोळी काढली. डावीकडे मीठ, लिंबू, खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी. मध्ये मसालेभात, पुऱ्या, आणि वाटीत श्रीखंड. कुणी कुठं बसायचं हे तिनं मनात पक्कं केलं होतं. मुली आल्या, बुटांचा ढीग झाला, आणि मैदानावर एकमेकींच्या बरगड्या मोडणाऱ्या त्या पोरी जिन्यावरून इतक्या हळू उतरल्या की मला हसू आवरेना. हार्कनेस टाय लावून, फुलं घेऊन आले. आईनं त्यांना मधोमध बसवलं. सगळ्यांत शेवटी तिनं आजोबांना आणलं आणि हार्कनेसांच्या शेजारी बसवलं. त्यांच्यासाठी दुमडलेली गादी ठेवली होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि सरळ जमिनीवर मांडी घातली.

दोघांपैकी कुणालाच आईनं दुसऱ्याबद्दल सांगितलेलं नव्हतं, आणि आम्हालाही सांगायची बंदी होती. बाबांनी श्लोक म्हटला. जेवण सुरू झालं. बराच वेळ त्या बेसमेंटमध्ये फक्त पुऱ्या फुटल्याचा आवाज येत होता. मग हार्कनेसांनी नम्रपणे शेजारी विचारलं, "आपण यॉर्कशरचे का?" आजोबा हो म्हणाले. "तिथं खेळलात?" आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "लीग," ते म्हणाले. "आणि आपण?" "युनियन," हार्कनेस म्हणाले. दोघांचेही हात थांबले. इतक्यात आजोबांनी एक हात जमिनीवर टेकला आणि उठायला लागले. रागानं नव्हे. या माणसाच्या ताटाला आपला विटाळ नको, अशा घाईनं. ते पाहून हार्कनेसही गोंधळून अर्धे उठले.

आई वरणाचं पातेलं घेऊन ओळीच्या टोकाला होती. तिनं आवाज चढवला नाही. "बसा," ती म्हणाली, शुद्ध मराठीत. "पानावरून उठायचं नाही. दोघांनीही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की पंगतीतून एक जण उठला की बाकी सगळ्यांचं जेवण तिथंच थांबतं, अशी रीत आहे. लिंडाच्या तोंडात अख्खी पुरी होती. तिचे डोळे मोठे झाले. साऱ्या पोरी ताटांवर हात धरून कोचकडे बघत राहिल्या. हार्कनेसांनी त्या पोरींकडे पाहिलं, मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे, त्या चुरगळलेल्या कानांकडे. ते खाली बसले. मग त्यांनी आजोबांची बाही धरली आणि हलकेच खाली ओढली. आजोबा बसले. आईनं पुढे येऊन आधी त्यांच्या पानात वरण वाढलं, मग हार्कनेसांच्या, आणि पुढे निघून गेली.

मग हार्कनेस श्रीखंडाचं बोट चाटत, जणू गेले वर्षभर हाच प्रश्न मनात असल्यासारखे म्हणाले, "तुमच्याकडे दोन माणसं कमी. मग स्क्रमच्या रेटारेटीतून कुणी बॉल घेऊन कडेनं सुटला तर त्याला धरतं कोण?" आजोबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही. गिरणीमागच्या चिखलातला कोच जागा झाला. त्यांनी स्वतःच्या आणि हार्कनेसांच्या पानातली लिंबाची फोड उचलली, वाट्या सरकवल्या, चटणीची एक रेघ ओढली, आणि पुढचा तासभर दोघं त्या सिमेंटवर सामना खेळत होते. आई ताक घेऊन आली तेव्हा खडूची रांगोळी पुसून गेली होती. "अगं, लिंबं पिळायला दिलीयत," ती मला म्हणाली, "सांग त्यांना." मी सांगितलं नाही. ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि पदर डोळ्यांना लावला. मला इतकी वर्षं वाटायचं की या घरातला थोर माणूस म्हणजे शेजारून येणारे आजोबा. त्या दुपारी मी माझ्या आईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढच्या शनिवारी आजोबा मैदानाशी आले. कोट, टाय, टोपी. बाबा सोबत होते. मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या रेघेपाशी ते थांबले आणि पुढे हलेनात. बाबांनी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या. हार्कनेस मधोमध होते. त्यांनी हाक मारली नाही, की जवळ आले नाहीत. त्यांनी हातातला बॉल खाली टाकून हळूच पायानं ढकलला. तो वेडावाकडा उसळत, लवंडत आला आणि रेघेच्या आत, आजोबांपासून हातभर अंतरावर थांबला. बॉल जमिनीवर पडलाय आणि आपण तो उचलला नाही, असं त्या माणसाच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. ते पुढे झाले, वाकले आणि उचलला. मग त्यांनी खाली, रेघेच्या आत आलेल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. आजोबांनी मान वर केली, हार्कनेसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गवत फार वाढवलंय तुम्ही."

त्यानंतर दोन हिवाळ्यांपर्यंत, वय नव्वदीकडे झुकलेलं असतानाही, ते आम्हाला शिकवत होते. हार्कनेसांनी याबद्दल कुणाला कळवलं नाही, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. त्यांनी फळ्यावर बाण काढणं सोडलं आणि पोरींच्या रांगेत उभे राहून स्वतःच पाडायला शिकले. आम्ही फार सामने जिंकलो असं नाही, पण आमच्यातल्या एकीचाही कान मोडला नाही. सराव संपला की सगळे जण क्लबच्या लाकडी खोलीत जायचे. आजोबा सगळ्यांच्या आधी जाऊन खिडकीजवळची जागा धरायचे आणि चहाला नावं ठेवायचे.

दुसरा हिवाळा सरत असताना एका सकाळी ते झोपेतच गेले. चर्चमधून कबरीपर्यंत शवपेटी न्यायला डॉरथीनं भाड्याची माणसं ठरवली होती. हार्कनेस तिच्याकडे आले आणि म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर आम्ही नेऊ." आम्ही म्हणजे ते, बाबा, लिंडा, आणखी दोन मुली आणि मी. मी पुढच्या बाजूला, हार्कनेसांच्या जोडीला. पेटी उचलायच्या आधी मी आईकडे पाहिलं. तिच्या माहेरी बाईमाणूस कधी स्मशानापर्यंत गेलेलं नव्हतं, खांदा देणं तर लांबच. मला वाटलं, आता ती नको म्हणेल, आणि ती नको म्हणाली असती तर मी मागे झाले असते. ती गर्दीतून पुढे आली, माझ्या कोटाचा पट्टा आवळला, कॉलर सारखी केली.

"आम्ही वाळीत होतो तेव्हा," ती हळू म्हणाली, "माझ्या वडिलांचं काही झालं तर खांद्याला चार माणसं तरी मिळतील का, या धास्तीनं माझी आई वर्षभर झोपली नव्हती. तू नीट धर."

मी धरलं.